'इथे छळ चालतो'

सान्तियागो, चिलीची राजधानी, १४ सप्टेंबर १९८३. बोर्गोन्यो रस्त्यावर लष्करी हुकूमशहा पिनोचेच्या गुप्त पोलिसांचा अड्डा. भर दिवसा साधारण सत्तर माणसं त्याच्यासमोर रस्त्यात उभी राहतात, त्यात फादर आहेत, नन्स आहेत, साधी माणसं आहेत, आणि एक बॅनर उघडतात: 'इथे छळ चालतो'. पुढाकार फादर होसे आल्दुनाते यांचा, जेझुइट या कॅथलिक संघाचे, वय ६६, आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलेला माणूस.

आत काय चालायचं? लोखंडी पलंग, वर गादी नाही, त्यावर माणसाला उघडं बांधायचं आणि विजेचे शॉक द्यायचे. त्याला म्हणायचे 'पार्रिया', म्हणजे मांस भाजायची जाळी. हा शब्द ऐकला की अजून पोटात गोळा येतो.

चर्च त्याआधीपासूनच छळाविरुद्ध उभं होतं. १९७६ च्या जानेवारीत कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी कॅथेड्रलला लागूनच 'विकारिया' नावाचं ऑफिस काढलं, तिथे वकील बसायचे, आई यायची, बायको यायची, पोरगा कधी उचलला, कुणी उचलला, अंगावर कपडे कुठले होते, सगळं लिहून घ्यायचे आणि कोर्टात हेबिअस कॉर्पस टाकायचे, म्हणजे उचललेल्या माणसाला कोर्टासमोर आणा असा अर्ज. कोर्ट बहुतेक अर्ज फेटाळायचं, तरी हे टाकतच राहिले, आणि पुढे तीच कागदपत्रं पुरावा म्हणून उभी राहिली. १९८० मध्ये तर काही बिशपांनी छळ करणाऱ्यांना थेट चर्चमधून बहिष्कृत केलं.

आपल्याला इथे गोवा आठवणार, आणि आठवायलाच हवा. १५६० पासून तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं न्यायालय, चाललं ते याच चर्चच्या नावाने, आणि १२५२ मध्ये तर खुद्द पोपनेच छळाला लेखी परवानगी दिली होती. चर्चच्या न्यायालयांनीही छळ वापरला हे १९९२ च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकात, कबूल केलंय. माझ्या मते म्हणूनच बोर्गोन्योतल्या त्या फादर लोकांचं मोल जास्त, ते हा इतिहास पाठीवर घेऊन उभे होते.

नोव्हेंबर १९८३, कोन्सेप्सिओन शहर. सेबास्तियान आसेवेदो, कामगार माणूस, दोन मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी, गुप्त पोलिसांनी उचललेली. दोन दिवस बाप दारोदार फिरला, कुठे ठेवलंय कुणी सांगेना. ११ तारखेला कॅथेड्रलसमोर त्याने स्वतःला पेटवून घेतलं, मुलं परत द्या म्हणत. मुलीला सोडलं, पण त्याच दिवशी तो गेला.

बॅनरवाल्यांनी मग आपल्या चळवळीला त्याचंच नाव दिलं, आणि पुन्हा रस्त्यावर आले. लाठ्या, पाण्याचे फवारे, अटक, तरी १९९० पर्यंत येतच राहिले.