दोन रात्री, एकच फड

(दृश्य : पहाट. ड्रोनमधून दिसणारा उसाचा सलग पट्टा. मधोमध एक कौलारू घर.)

निवेदन :

वरून पाहिले की हे घर उसात बुडाल्यासारखे दिसते. वेदगंगा आणि दूधगंगा यांच्या काठचा हा निपाणी तालुक्यातील पट्टा डिसेंबरात असाच असतो. ऊस दोन पुरुष उंच झालेला असतो, काही फडांत तुरा आलेला असतो, आणि उन्हाळ्यात ज्या वाटेने बैलगाडी सहज जात होती ती वाट दोन्ही बाजूंच्या पानांनी मिटून गेलेली असते. कर्नाटकातील सर्वाधिक साखर कारखाने बेळगाव जिल्ह्यात आहेत, त्यामुळे उसाने चारी बाजूंनी वेढलेले घर इथे कोणाला नवलाचे वाटत नाही. भयपट काढणाऱ्याला मात्र त्या घरात बरेच काही दिसते.

अशाच एका घरावर ‘लपाछपी’ हा मराठी चित्रपट उभा आहे. सावकारांच्या माणसांपासून लपण्यासाठी एक गरोदर स्त्री नवऱ्याबरोबर उसातल्या या एकाकी घरात येते, आणि घरची बाई तिचे आदरातिथ्य करते. पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघींच्या खांद्यांवर जवळजवळ सारा चित्रपट तोललेला आहे. तो २०१७ च्या जुलैमध्ये महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत लागला. पुढे हीच कथा ‘छोरी’ या नावाने हिंदीत गेली आणि २६ नोव्हेंबर २०२१ पासून अ‍ॅमेझॉन प्राइमवर दिसू लागली. तिथे नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ आहेत. कथा तीच राहिली आणि ऊसही तोच राहिला, फक्त घर बोली बदलून उत्तरेला गेले.

(दृश्य : संध्याकाळ. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या दालनात, सतरंजी अंथरली जाते. भिंतीवरचा टीव्ही. चपलांचा ढीग.)

आम्ही दोन्ही चित्रपट लागोपाठच्या दोन रात्री, एकाच सोप्यात, त्याच माणसांबरोबर पाहिले. पहिल्या रात्री मराठी, दुसऱ्या रात्री हिंदी. हा क्रम आम्ही मुद्दाम ठरवला होता, आणि त्यामागे आमचा मराठीकडे ओढा होता हे आताच सांगून टाकणे बरे, कारण पुढच्या चित्रणात तो लपलेला नाही. जमलेल्या १८ जणांपैकी हिंदी चित्रपट आधी पाहिलेले पाच जण होते आणि मराठी चित्रपट पाहिलेले एकही नव्हते. ज्या गावात घराघरांत मराठी बोलली जाते, लग्नपत्रिका मराठीत छापल्या जातात, त्या गावात मराठी कथा हिंदी होऊन, मोबाइलवरून आधी पोचली होती. या चित्रफितीची कल्पना आम्हांला तेथून सुचली.

(दृश्य : पहिली रात्र. टीव्हीच्या उजेडात चेहरे. आवाज फक्त चित्रपटाचा.)

पहिला अर्धा तास कोणी घाबरले नाही. उलट पडद्यावर ऊस दिसताच चर्चा सुरू झाली ती उसाची. हा कोणत्या जातीचा असेल, लागण आहे की खोडवा (तोडीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस), पाला काढलेला आहे की नाही, यावर पुढच्या रांगेतील तिघांचे एकमत होईना. शेवटी मागून एका बाईंनी, ज्यांचे हंगामातले चार महिने मोळ्या बांधण्यात जातात, वेगळाच आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की उघड्या हातांनी उसातून पळणाऱ्या बाईच्या अंगावर काही क्षणांत ओरखडे उठतात, पानाची धार कोणाला सोडत नाही. मग भूत येण्याआधी ऊसच तिला कसा चावत नाही?

(बाइट : मोळी बांधणाऱ्या बाई. “रक्त काढतंय की ते पान. भूत कशाला पायजे?”)

हा आक्षेप विनोदी वाटला तरी कमी खर्चाच्या भयपटाचे मर्म त्याच्याजवळच आहे. अशा चित्रपटाला मोठा सेट परवडत नाही, संगणकावर घडवलेला राक्षस परवडत नाही, आणि तोंडवळ्याने गर्दी खेचणारा नट तर मुळीच परवडत नाही. मग दिग्दर्शक जे फुकट मिळते त्याच्याकडे वळतो. अंधार फुकट असतो, शांतता फुकट असते, आणि प्रेक्षकाने स्वतःच्या घरून आणलेली भीती सगळ्यांत स्वस्त पडते. एकच घर, मोजकी चार-पाच पात्रे आणि पुढचे दिसू न देणारी एक भिंत एवढ्यावर दोन तास निभावून न्यायचे असतात. उसाचा फड ही अशीच भिंत आहे, आणि ती हलते, कुजबुजते, वाऱ्याच्या झुळकीने माणूस चालल्यासारखा आवाज करते. ध्वनिमुद्रकाला पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, आपणहून काम देते. शिवाय दिवसाढवळ्या, लख्ख उन्हातही फडात तीन सऱ्यांपलीकडचे दिसत नाही, त्यामुळे भीतीसाठी रात्रच हवी असेही नाही.

(दृश्य : फडाच्या आत चालणारा कॅमेरा. पाने काचेवर घासतात. ही दृश्ये लांब ठेवावीत.)

या सोयीची दुसरी बाजू आमच्या यजमानांनी आम्हांला समजावून सांगितली, आणि ती कोणत्याही चित्रपटाच्या पुस्तकापेक्षा स्पष्ट होती. फड हा तात्पुरता सेट आहे. लागणीनंतर वर्षभराने तो पुरा उंच होतो आणि कारखान्याची तोड आली की एक-दोन दिवसांत भुईसपाट होतो. कारखान्याची तोडचिठ्ठी आपल्या सोयीने मिळत नाही आणि तोडणाऱ्यांची टोळी कोणासाठी थांबत नाही. राहिलेला एखादा शॉट घ्यायला महिन्याने परत यावे, तर तिथे काळी जमीन आणि जळलेल्या पाचटाची राख असते. म्हणून उसात चित्रीकरण करणाऱ्याला उसाच्या वेळापत्रकाने चालावे लागते, असे ते म्हणाले, आणि आमच्या कॅमेऱ्याकडे पाहून हसले.

इथल्या शेतकऱ्याला उसातली भीती पडद्यावरून शिकावी लागत नाही. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीने येते, आणि पाळी रात्रीची असली की बॅटरी हातात घेऊन दोन वाजता पाणी द्यायला जावे लागते. सापाची भीती असते, रानडुकराची असते, आणि अलीकडे बिबट्याची. २०२२ च्या ऑगस्टमध्ये खुद्द बेळगाव शहरातील गोल्फ मैदानाच्या झाडीत बिबट्या शिरला, आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद ठेवाव्या लागल्या, शोधासाठी हत्ती आणले गेले, आणि तरी तो हाती लागला नाही. सोप्यातल्या मंडळींना हा प्रसंग दोन्ही चित्रपटांपेक्षा जास्त तपशिलांसह पाठ होता.

(दृश्य : गावातील चौक. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतील दुकानांच्या पाट्या.)

दुसऱ्या रात्रीकडे वळण्यापूर्वी रिमेकविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण सीमाभागातील प्रेक्षक या बाबतीत अडाणी नाही. कर्नाटकात परभाषेतील चित्रपट कन्नडात डब करण्यावर अनेक दशके अलिखित बंदी होती. कन्नड चित्रपट वाचावा, इथल्या कलाकारांना काम मिळावे हा त्यामागचा हेतू होता, आणि तो समजण्यासारखा होता. स्पर्धा आयोगाने २०१५ मध्ये ही अडवणूक बेकायदा ठरवली आणि त्यानंतर ती हळूहळू सैल झाली. पण तोवर परक्या कथेला कन्नडात यायचे तर पुन्हा चित्रित होऊनच यावे लागे. १९९३ चा मल्याळम ‘मणिचित्रताळु’ २००४ मध्ये ‘आप्तमित्र’ होऊन कन्नडात आला आणि २००७ मध्ये ‘भूल भुलैया’ होऊन हिंदीत गेला. या सोप्यातील चाळिशीच्या पुढच्या बहुतेकांनी यांतले शेवटचे दोन पाहिलेले होते आणि विष्णुवर्धन श्रेष्ठ की अक्षयकुमार, यावर त्यांची जुनी भांडणे होती. उलट दिशेचाही नमुना आहे. ‘६-५=२’ हा हातातल्या कॅमेऱ्यात सापडलेल्या चित्रणाचा आभास देणारा, अगदी थोड्या पैशांतला कन्नड भयपट २०१३ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याच नावाने हिंदीत गेला.

तेव्हा रिमेक म्हणजे चोरी किंवा रिमेक म्हणजे अपमान अशी भावना इथे मुळातच नाही. प्रेक्षक विचारतो ते इतकेच, की कथा दुसऱ्या घरी नांदायला गेली तेव्हा तिने काय बरोबर नेले आणि काय मागे ठेवले.

(दृश्य : दुसरी रात्र. तोच सोपा. आज मुले पुढे बसली आहेत.)

हिंदी चित्रपटाची बाजू सर्वांत नेटाने मांडली ती चिकोडीला पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीने. तिच्या मते हिंदीतील चित्र अधिक स्वच्छ आहे, नायिकेच्या मनात काय चालले आहे ते अधिक उलगडून दाखवले आहे, आणि आपण मराठी चित्रपटाला जे ‘साधेपण’ म्हणून गौरवतो आहोत ते काही ठिकाणी नुसते पैशांचे अपुरेपण आहे. तिने आमच्या पद्धतीवरही बोट ठेवले. हा चित्रपट तिने प्रथम रात्री पांघरुणात, कानात इअरफोन घालून पाहिला होता. अठरा माणसे, चहाचे कप आणि टीव्हीचा फुटका आवाज यांत कोणता भयपट टिकेल, असा तिचा प्रश्न होता. आमच्याकडे त्याचे उत्तर नव्हते.

विरुद्ध बाजू घरच्या वाणीची होती. हिंदीतील घरधनीण उत्तरेच्या बोलीत बोलते, आणि ती कितीही भेदक असली तरी इथल्या कानाला ती परगावची बाई वाटते. परगावच्या बाईची भीती वाटली तर माणूस आपल्या गावी निघून येऊ शकतो. मराठीत तसे होत नाही. तिथे उंबरा, चूल, पाटावर वाढलेले ताट, ‘जेव गं पोरी’ म्हणण्याची लकब, सारे इथलेच आहे. मराठी ग्रामीण चित्रपटांतून वर्षानुवर्षे पाहिलेल्या उषा नाईक यांचा आवाज ऐकताच वयस्कर बायका सावरून बसल्या, ही गोष्ट आमच्या कॅमेऱ्याने टिपली आहे.

(दृश्य : कोपऱ्यातील आजींचा चेहरा. पंचवीस सेकंद. निवेदन नाही, संगीत नाही.)

(बाइट : आजी. “असली बाई माझ्या घरात हुती. मीच न्हाई का तिच्या हातचं जेवलो.”)

(दृश्य : आजी पदर सावरतात. टीव्हीकडे पाहत राहतात.)

निवेदन :

मूळ चित्रपटाच्या बाजूने आम्ही बोलत होतो तोवर एका तरुणाने, जो निपाणीत मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो, शांतपणे आठवण करून दिली की दोन्ही चित्रपटांचा दिग्दर्शक एकच आहे. हे खरे आहे. विशाल फुरिया यांनीच ‘लपाछपी’ केला आणि त्यांनीच ‘छोरी’ केला. स्वतःचीच कथा अधिक पैशांत, अधिक लोकांसाठी पुन्हा सांगण्यात गैर काय, असे त्याचे म्हणणे होते. आम्हांला वाटते की प्रश्न दिग्दर्शकाचा नसून वाटेचा आहे. हिंदी चित्रपट एका रात्रीत देशभरच्या मोबाइलवर पोचला आणि २०२५ मध्ये त्याला दुसरा भागही मिळाला, तर मराठी चित्रपटाला जिथे त्याचा ऊस उगवतो त्या गावात पोचायला आमच्या पेनड्राइव्हची वाट पाहावी लागली. तरुण यावर मान हलवतो. ती होकाराची होती की नव्हती हे चित्रावरून ठरवता येत नाही.

आणखी एक मत आम्ही धरून चाललो नव्हतो. यजमानांची सून गोकाकजवळच्या कन्नड घरातली आहे. तिला मराठी समजते, हिंदी थोडी समजते. हा चित्रपट कन्नडात व्हायला हवा, म्हणजे माहेरी दाखवता येईल, असे ती दाराआडून म्हणाली. मूळ आणि रिमेक या आमच्या वादात ती पडलीच नाही.

(दृश्य : स्वयंपाकघराचे अर्धे लोटलेले दार. आतून बायकांचे अस्पष्ट आवाज.)

दुसरा चित्रपट संपल्यावर बायका आत गेल्या आणि तिथे बराच वेळ बोलत राहिल्या. कॅमेरा आत नेऊ नये असे सांगण्यात आले, म्हणून त्या बोलण्याचे चित्रण नाही. दोन्ही चित्रपट ज्या गोष्टीभोवती फिरतात ती गोष्ट, म्हणजे मुलगी जन्माला येऊ न देणे, या भागाला परकी नाही : मूळ चित्रपट लागण्याच्या चार महिने आधी, २०१७ च्या मार्चमध्ये, या जिल्ह्यातल्या कागवाडला लागूनच असलेल्या, महाराष्ट्रातील म्हैसाळच्या ओढ्यात १९ भ्रूण सापडले होते, आणि २०२२ च्या जूनमध्ये याच जिल्ह्यातील मुडलगीत नाल्यात सात सापडले.

(दृश्य : सकाळ. टोळी फडात उतरते. कोयत्यांचा आवाज. मोळ्या, वाढे, ट्रॅक्टर.)

तिसऱ्या दिवशी सकाळी यजमानांच्या फडाला तोड आली. टोळी विजापूरकडची आहे. बायका-मुलांसह तिचा तळ गावाबाहेर पडला आहे. कोयता बुडख्याला लागतो, ऊस आडवा होतो, शेंड्याचे हिरवे वाढे जनावरांसाठी बाजूला पडतात, आणि ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या भरेपर्यंत बांधावरून पलीकडचा रस्ता दिसू लागतो. पदवीच्या वर्गातील ती मुलगी बांधावर उभी राहून मोबाइलवर हे सारे चित्रित करते आहे. तिची आजी तिला ऊन लागेल म्हणून हाका मारते आहे.

(दृश्य : ड्रोन पुन्हा वर. तेच घर, आता मोकळ्या रानात.)

पहाटेचे ते पहिले दृश्य आम्हांला धुक्यात हवे होते. त्या दिवशी धुके पडले नाही, आणि दुसऱ्यांदा घ्यायला ऊस उरला नाही. आता रानात पाचट पसरलेले आहे. यजमान ते पेटवणार नाहीत, सरीत दाबणार आहेत. पहिले पाणी दिल्यावर दोन-तीन आठवड्यांत खोडव्याला फुटवे येतील, असे ते म्हणतात.