आम्ल, त्याचे संयुग्मी आम्लारी आणि मधले पाणी

मित्रहो, आम्लाचा विचरण स्थिरांक (पाण्यात ते किती प्रमाणात आयनांत फुटते याचे माप) आणि त्याच्या संयुग्मी आम्लारीचा, म्हणजे प्रोटॉन दिल्यावर जे उरते त्याचा, स्थिरांक यांचा गुणाकार पाण्याच्या आयनिक गुणाकाराइतका (पाण्यातील हायड्रोनियम आणि हायड्रॉक्साइड आयनांच्या संहतींच्या गुणाकाराइतका) असतो, हे सूत्र बारावीत आपण सगळ्यांनीच पाठ केलेले आहे. पाठांतरात निसटते ते एवढेच, की हा संबंध कोणत्याही आम्लाचा कोणत्याही आम्लारीशी नसून, एका प्रोटॉनच्या देवघेवीने बांधलेल्या जोडीपुरताच आहे. डेन्मार्कच्या ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडच्या लॉरी यांनी १९२३ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, प्रोटॉन देणारे ते आम्ल आणि घेणारे ते आम्लारी अशी मांडणी केली, आणि ‘जोडी’ या शब्दाला रसायनशास्त्रात नेमका अर्थ आला.

व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल घेऊ. ते पाण्याला प्रोटॉन देते, तेव्हा ॲसिटेट आणि हायड्रोनियम आयन तयार होतात. उलट ॲसिटेट आयन पाण्याकडून प्रोटॉन घेतो, तेव्हा ॲसेटिक आम्ल परत मिळते आणि हायड्रॉक्साइड आयन सुटतो. या दोन अभिक्रियांची बेरीज केली, की ॲसेटिक आम्ल आणि ॲसिटेट दोन्ही बाजूंनी कटतात आणि उरते ते फक्त पाण्याचे स्वतःचे विचरण. अभिक्रियांची बेरीज होते तेव्हा त्यांच्या समतोल स्थिरांकांचा गुणाकार होतो. सूत्राची सिद्धता एवढीच आहे, आणि ती फळ्यावर दोन ओळींत मावते याचे मला आजही अप्रूप वाटते.

आता आकडे पाहू. २५ अंश सेल्सिअसला ॲसेटिक आम्लाचा पीकेए (विचरण स्थिरांकाचा ऋण लॉगॅरिदम; तो जितका मोठा, तितके आम्ल सौम्य) ४.७६ आहे, पाण्याच्या आयनिक गुणाकाराचा तसाच आकडा, पीकेडब्ल्यू, १४ आहे, म्हणून ॲसिटेटचा पीकेबी, म्हणजे आम्लारीचा तसाच आकडा, १४ वजा ४.७६ म्हणजे ९.२४. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘सौम्य आम्लाचे संयुग्मी आम्लारी तीव्र असते’ असे वर्गात सर्रास सांगितले जाते आणि ते चूक आहे. ९.२४ हा पीकेबी तीव्र आम्लारीचा नव्हे. ॲसिटेट हे चांगलेच सौम्य आम्लारी आहे. आम्ल जितके सौम्य, तितके त्याचे आम्लारी तुलनेने कमी सौम्य, एवढेच सूत्र सांगते.

तरीही हे सौम्य आम्लारी प्रयोगशाळेत स्वतःचे अस्तित्व दाखवून देते. ०.१ मोलर ॲसेटिक आम्ल शंकुपात्रात घेऊन ब्युरेटमधून तितक्याच संहतीचे सोडियम हायड्रॉक्साइड सोडत गेलो, की उदासिनीकरण पूर्ण होण्याच्या क्षणी पात्रात सोडियम ॲसिटेट तेवढे उरते, आणि त्याच्यामुळे सामू (पीएच) ७ नसून ८.७ च्या आसपास असतो. फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा (सामूनुसार रंग बदलणाऱ्या पदार्थाचा) रंग सामू ८.२ च्या पुढे उमटू लागतो, म्हणून अखेरच्या थेंबाला टिकून राहणारी फिकट गुलाबी छटा विश्वासार्ह ठरते. त्याऐवजी मिथिल ऑरेंज हा दर्शक वापरला तर लागणाऱ्या सोडियम हायड्रॉक्साइडपैकी जेमतेम तिसरा हिस्सा पडतो न पडतो तोच द्रावण पिवळे होते. दर्शकाची निवड ही सवयीची बाब नसून तिच्यामागे ॲसिटेटचा पीकेबी उभा असतो.

चौदा हा आकडाही अढळ नाही. ६० अंशांना पीकेडब्ल्यू सुमारे १३ होतो. ॲसेटिक आम्लाचा पीकेए तापमानाने फारसा हलत नाही, त्यामुळे हा सगळा बदल ॲसिटेटच्या वाट्याला येतो आणि गरम द्रावणात ते आम्लारी अधिक प्रभावी ठरते.

सर्वांत जास्त गफलत होते ती दोन प्रोटॉन देणाऱ्या आम्लांत. कार्बोनिक आम्लाचे पीकेए ६.३५ आणि १०.३३ असे दोन आहेत. कार्बोनेटचा जोडीदार बायकार्बोनेट आहे, कार्बोनिक आम्ल नव्हे, म्हणून कार्बोनेटचा पीकेबी काढताना १४ मधून १०.३३ वजा करायचे; उत्तर ३.६७. पहिला पीकेए घेतला तर ७.६५ मिळतो, पण तो बायकार्बोनेटचा पीकेबी आहे. चुकीच्या आकड्याने धुण्याच्या सोड्याच्या (सोडियम कार्बोनेटच्या) ०.१ मोलर द्रावणाचा सामू ९.७ येतो, प्रत्यक्षात तो ११.६ च्या आसपास असतो. दोन परीक्षानळ्यांत धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) वेगवेगळे विरघळवून प्रत्येकीत फिनॉल्फ्थॅलीनचा एक थेंब टाका: पहिलीत गडद गुलाबी रंग भरतो, दुसरीत मागे पांढरा कागद धरल्यावर कुठे पुसटशी छटा दिसते.