गच्चीचं पाणी कुठे जातं?

नमस्कार श्रोतेहो.

मृग तोंडावर आला की आमच्या पोटात गोळा यायचा. भुयारी गटारीच्या कामावर नाशकात मी तीस वर्षं काढली. आता घरी बसलोय, पण ढग गडगडले की हात अजून टॉर्चकडे जातो.

जुन्या नाशकातली एक गल्ली आठवते. तळमजल्यावरच्या घरात मोरीतून घाण पाणी उलटं वर आलेलं. घरातल्या काकू तावातावाने म्हणाल्या, "भाऊ, आधी आमच्या दारातलं चेंबर उपसा!" चेंबर काठोकाठ भरलेलं होतं, हे खरं. पण दुखणं तिथे नव्हतं. उताराच्या बाजूने पुढचं झाकण उचललं, तेही भरलेलं. त्याच्या पुढचं उचललं, तर तळाला जेमतेम धार. म्हणजे चोकअप या शेवटच्या दोघांच्या मधे. जेटिंगचा, म्हणजे जोरदार दाबाने पाणी मारणारा पाइप खालच्या मोकळ्या चेंबरमधून वरच्या दिशेने सोडला. निघालं काय? चहाचा चोथा, साबणाच्या वडीसारखं घट्ट झालेलं तेल-तूप आणि एक फरशी पुसायचं अख्खं पोतं. ते पोतं कुणाचं, हे गल्लीत कुणालाच आठवेना.

लाइन मोकळी झाली म्हणून काम संपत नाही. आमचे मुकादम मग आरसा मागायचे. वरच्या चेंबरमध्ये दोरीने टॉर्च सोडायचा, खालच्या चेंबरमध्ये काठीला बांधलेला आरसा तिरका धरायचा आणि रस्त्यावर उभं राहून त्यात बघायचं. पाइप सरळ आणि साफ असला तर आरशात पौर्णिमेचा चंद्र दिसतो. गाळ राहिला असेल तर अष्टमीचा. मधेच पाइप खचला असेल तर अमावास्या! उतार असा ठेवलेला असतो की पाणी सेकंदाला निदान 0.6 मीटर धावावं, म्हणजे मैला तळाला बसत नाही. पाइप खचला की तिथे पाणी रेंगाळतं, आणि महिन्याभरात पुन्हा तीच तक्रार.

आता चाकांवरचा कॅमेरा आत जातो, मुळांनी फोडलेला सांधासुद्धा पडद्यावर दिसतो. त्यात एक गोष्ट पाहून नवखे चक्रावतात. काँक्रीटचा पाइप सांडपाणी वाहतं त्या तळाला शाबूत आणि माथ्याला कुजलेला! साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, माथ्याच्या ओलाव्यावरचे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते काँक्रीट खातं. रस्ता अचानक खचतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

हाच वायू माणूसही मारतो. आधी सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास गेल्यासारखा वाटतो आणि माणूस निर्धास्तपणे खाली उतरतो. 2013 च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं गुन्हा आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 30 लाख केली. तरी सोसायटीचे चेअरमन पाचशे रुपयांची नोट दाखवून "जरा उतर ना रे" म्हणतात, हे मी या कानांनी ऐकलंय.

असो. मृगाचं सांगत होतो. आपल्या ड्रेनेजच्या लाइनी पावसासाठी नाहीतच. पावसाळी गटार वेगळी, मैल्याची वेगळी. हिशेब बघा. माणशी रोज 135 लिटर पाणी धरलं, तर त्यातलं साधारण 80 टक्के ड्रेनेजमध्ये येतं. पाच माणसांच्या घराचे झाले 540 लिटर, तेही दिवसभरात. आता त्याच घराची हजार चौरस फुटांची गच्ची घ्या. तासाभरात 20 मिलिमीटर पाऊस पडला, तर गच्चीवरून साडेअठराशे लिटर उतरतात. दिवसभराच्या तिपटीहून जास्त, एका तासात! गच्चीचा पाइप कुणीतरी चेंबरला जोडलेला असतो, अंगणात पाणी नको म्हणून. एखादा शेजारी तुंबलेल्या रस्त्यावर सळईने चेंबरचं झाकण उचलतो, पाणी गुडूप होतं, सगळे खूश.

जातं कुठे ते? मोठ्या लाइनी उतार शोधत नासर्डी, वाघाडी या उपनद्यांच्या आणि गोदेच्या काठाने जातात. तिथली चेंबरं उसळतात आणि मैला नदीत. तपोवनातल्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचलेलं पाणीही त्याला झेपत नाही. गोदेचा पूर जिच्यावरून मोजतात, त्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं हे आपण हौसेने बघायला जातो. त्या पाण्यात आपलं काय काय आहे, हे बघत नाही. 2027 च्या सिंहस्थात तिथेच लोक डुबकी घेणार आहेत.

आपली जोडणी तपासायला इंजिनिअर लागत नाही. रंगपंचमीला नाशिककर रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारतो, घरात थोडा रंग उरलेला असतोच. तो बादलीभर पाण्यात कालवून गच्चीच्या जाळीत ओता आणि एकाला खाली ड्रेनेजच्या चेंबरपाशी उभं करा. झाकण उचलल्यावर तोंड खुपसू नका, लांबूनच बघा. आमच्या सोसायटीत हा प्रयोग मी सगळ्यांना जमवून, जरा ऐटीत केला. बादली ओतली आणि खालून नातू ओरडला, "आजोबा, गुलाबी!"

लगेच प्लंबरला फोन लावला. उद्या येतोय.

नमस्कार.