समासातला प्रश्न

अध्यक्षमहोदय आणि ग्रंथप्रेमी मित्रहो, हस्तलिखितापासून ग्रंथापर्यंत संपादक काय करतो, हा विषय आपण मला दिला आहे. संपादक म्हणजे ऱ्हस्वदीर्घ तपासणारा माणूस, असा समज अनेक लेखकांचा आणि, खेदाने सांगतो, काही प्रकाशकांचाही आहे. म्हणून आधी एक अनुभव सांगतो.

एका निवृत्त शिक्षिकेच्या आठवणींचे हस्तलिखित माझ्याकडे आले होते. फुलस्केप कागद, सुवाच्य अक्षर, खाडाखोड जवळजवळ नाहीच. शाळा, बदल्या, शेताच्या बांधावरून शेजाऱ्यांशी झालेला वाद, सारे तपशीलवार होते. आईच्या मृत्यूला मात्र एकच ओळ मिळाली होती, ‘त्याच वर्षी आई गेली.’ वाक्यात काढण्यासारखी चूक नव्हती. मी समासात पेन्सिलीने लिहिले, ‘त्या रात्री घरी जेवण कुठून आले?’ तीन आठवड्यांनी बाई चार नवी पाने घेऊन आल्या. बांधाच्या वादापासून ज्या घराशी बोलणे बंद होते, त्याच घरून त्या रात्री पिठलंभात आला होता, आणि पातेले परत करायला कोणी जायचे यावर घरात दोन दिवस कुजबूज चालली होती. कंटाळवाणे म्हणून जे बांधाचे प्रकरण गाळण्याचे मी सुचवणार होतो, ते आता या पानांच्या आधी आणून ठेवावे लागले. त्या चार पानांत माझा एकही शब्द नाही.

मुंबईत गिरगावातल्या खटाववाडीत ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी वर्षानुवर्षे हेच केले. स्वीकार आणि ‘साभार परत’ यांच्यामध्ये, लेखकाशी चर्चा करून कथा पुन्हा लिहवून घेण्याची वाट त्यांनी खुली ठेवली. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली; त्या वाटेने जाण्याइतका वेळ आज फार थोडे प्रकाशक संपादकाला देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले भराभर सांगतो. पहिले वाचन हातात पेन्सिल न घेता करावे. दुसऱ्या वाचनात प्रकरणांचा क्रम आणि पुनरुक्ती पाहावी, तिसऱ्यात नावे, साल, नाती आणि वये पडताळावीत, शुद्धलेखन त्यानंतर. साहित्य महामंडळाचे १९६२चे नियम पाठ असले, तरी ‘शिर’ हवे की ‘शीर’ हे अर्थ कळल्याखेरीज ठरत नाही. संवादांतल्या बोलीला हात लावू नये. माझ्याच एका कथेतल्या आजीच्या तोंडचे ‘आवंदा’ एका संपादकाने सर्वत्र ‘यंदा’ करून टाकले होते, आणि ती आजी मला छापील पानावर ओळखूच आली नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार जागा सोडतात, म्हणून अशी प्रुफे मूळ प्रत शेजारी ठेवून, शक्यतो दोघांनी मोठ्याने वाचावीत. सूचीविषयी बोलायचे राहिले; ते प्रश्नोत्तरांत घेऊ.