दाराशी आशाताई

(दृश्य: सकाळ. ओढा, पलीकडे वस्ती.)

पाऊस नुकताच उघडलाय. ताईंनी चपला हातात घेतल्या आहेत. खांद्याच्या पिशवीत थर्मल गन, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर, सॅनिटायझरची बाटली आणि कडा दुमडलेलं रजिस्टर.

१५ सप्टेंबर २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू केली. पुण्यात राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण सापडून सहा महिने झाले होते. साथ खेड्यात पोहोचली होती. माणसं अंगावर ताप काढत होती आणि धाप लागली की मगच दवाखाना गाठत होती. म्हणून ठरलं, आपणच घराघरात जायचं. पथकात एक आरोग्य कर्मचारी, दोन स्वयंसेवक. दिवसाला ५० घरं. कागदावर ते पथक. इथे वस्तीवर लोक म्हणतात, “आशाताई आल्या.”

(दृश्य: ओसरी. आजींचं बोट जवळून.)

आजी भांडी घासता घासता उठून आल्यात. बोट गार आहे, आकडा उठत नाही. “आजी, हात चोळा जरा.” आजी दोन्ही तळवे एकमेकांवर घासतात. पुन्हा बोट आत. थांबायचं. ९७. हाच आकडा ९५ च्या खाली असता, तर पुढच्या तपासणीला पाठवावं लागलं असतं.

मग प्रश्न. बीपी आहे? दमा? किडनीचा त्रास? “शुगर आहे का?” आजी नाही म्हणतात. सूनबाई काही न बोलता कोनाड्यातून गोळ्यांचं पाकीट काढून आणते. ताई गोळीचं नाव बघतात आणि रजिस्टरमध्ये खूण करतात. कोणाला जास्त जपायला हवं, याची गावाची यादी अशी एकेका कोनाड्यातून तयार झाली.

(दृश्य: बंद दार, उघडी खिडकी.)

हे दार उघडलं नाही. तपासलं की उचलून नेतात, घरावर शिक्का बसतो, पाण्यालाही कोणी येऊ देत नाही, ही भीती. ताई रागावल्या नाहीत. खिडकीतूनच बोलल्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या फेरीत त्या पुन्हा याच खिडकीशी उभ्या आहेत. गावात वावरलेल्या बाईलाच हे जमतं.

सरकारदरबारी त्या ‘स्वयंसेविका’. आशा ही २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली योजना. त्यात पगार नाही, कामागणिक मोबदला आहे: बाळंतपण दवाखान्यात झालं की अमुक, लसीकरण पूर्ण झालं की तमुक. कोरोनाच्या कामासाठी केंद्राने महिन्याला १,००० रुपये धरले. दिवसभर दारोदार फिरण्याचे महिन्याला १,००० रुपये. हे अपुरं होतं, आणि ते ठणकावून सांगायलाच हवं.

पुढे दुसरी लाट आली, कित्येक घरांतला कर्ता माणूस गेला, मुलं पोरकी झाली. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा कुठे मोबदल्यात वाढ मिळाली.

(दृश्य: संध्याकाळ. ताईंचं अंगण.)

परसात हातपाय धुऊन झाले. मुलगी पाण्याचा तांब्या ठेवून मागे सरकते. यादीतलं आजचं शेवटचं घर ताईंचंच. आधी सासूबाईंचं बोट, मग मुलीचं. शेवटी स्वतःचं.