वर्गणीची वही

किराणा दुकानात मिळते तसली ही दोनशे पानी वही. वर ‘श्री’ आणि खाली पहिली नोंद : दूध डेअरी, ५०० रुपये. मग पिठाची गिरणी, १०१. पुढे एका आजींचे ५१, आणि शेजारी बारीक अक्षरात, ‘निराधारच्या पगारातून’.

पोर दीड वर्षाची. दूध पिताना तिच्या कपाळावर घामाचे थेंब यायचे. दोन घोटांत धाप लागायची. आईला वाटायचं, उन्हाळा आहे. पावसाळ्यात दोनदा न्यूमोनिया झाला, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला पाठवलं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र निघालं. लहान छिद्रं बरेचदा आपोआप बुजतात. मोठ्या छिद्रातून मात्र फुप्फुसांकडे जादा रक्त लोटत राहतं, तिथला दाब वाढत जातो. फार उशीर झाला तर ऑपरेशनही करता येत नाही.

म्हणून बापाने दुभती गाय विकली. मित्र वही घेऊन दारोदार फिरले.

पण आयाबायांनो, वही काढण्याआधी अंगणवाडीताईंना गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तो आपल्याच पालघरमधून. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. जन्मजात हृदयदोषाचं ऑपरेशन त्यातून किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मोफत होऊ शकतं. योजनेतल्या रुग्णालयात रुग्णांच्या मदतीला आरोग्यमित्र असतो, रेशनकार्ड घेऊन आधी त्यालाच भेटायचं. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनाही १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत ठेवाव्या लागतात. तिथे बरेचदा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागतात, आणि त्याला दिवस लागतात. तेव्हा पहिला अर्ज त्याचाच करा.

हे सगळं या बापाला कळलं ते गाय गेल्यावर. त्याचं फार वाईट वाटतं. हे त्याला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

ऑपरेशन योजनेतून झालं. तरी वर्गणी पुरून उरली असं नाही. पुण्यातली खोली, आईचा डबा, बापाचा महिन्याभराचा बुडालेला रोज, तपासणीच्या फेऱ्या. हा खर्च कुठल्याच योजनेच्या कागदावर नसतो, तो गावानेच उचलला. वही उलटी करून मागून त्याचा हिशेब लिहिलाय, एसटीच्या तिकिटांसकट.

परवा आम्ही गेलो तेव्हा आई तिला दूध पाजत होती. पेला रिकामा झाला. आईने सवयीने पदर कपाळाला लावला. कपाळ कोरडं होतं.