घड्याळजीचा ॲमॅरिलिस

नमस्कार, श्रोतेहो. घरातल्या कुंडीत ॲमॅरिलिसचा कंद कसा लावावा आणि कसा वाढवावा, हा आजचा विषय आहे. माती भुसभुशीत असावी, कुंडीला तळाशी भोक असावे, हे आपण जाणताच. म्हणून या कंदाच्या बाबतीत जे वेगळे करावे लागते, तेवढेच सांगतो.

कंद हाताला जड आणि टणक लागेल असा घ्यावा. तो जितका मोठा, तितके फुलांचे दांडे अधिक येण्याची शक्यता असते. कुंडी मात्र लहानच हवी. कंदाच्या सभोवती दोन-तीन सेंटिमीटर जागा राहिली की पुरे. लावताना कंदाचा वरचा निम्मा भाग मातीच्या वर उघडा ठेवावा. इतर कंद पूर्ण पुरण्याची आपल्या हातांना सवय असते, म्हणून पुन्हा सांगतो: अर्धा कंद मातीत, अर्धा मातीबाहेर. एकदा पाणी द्यावे आणि कोंब दिसेपर्यंत हात आखडता घ्यावा, कारण मुळे फुटण्याआधीच्या ओल्या मातीत कंद कुजतो. वीस अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब आणि भरपूर उजेड मिळाला, तर साधारणपणे सहा ते दहा आठवड्यांत फुले येतात. दांडा उजेडाकडे कलतो, तेव्हा कुंडी अधूनमधून फिरवावी.

हल्ली मेणाचा थर दिलेले कंद मिळतात. त्यांना ना माती लागते, ना पाणी. मला ते मुळीच रुचत नाहीत. साठवलेल्या अन्नावर एकदा फुलवून कंद टाकून द्यायचा, याला फार तर सजावट म्हणता येईल, बागकाम नव्हे.

आता ज्या हकिकतीसाठी मी हा विषय मुद्दाम निवडला, ती सांगतो. इंग्लंडमध्ये, पूर्वीच्या लँकेशर परगण्यात, लिव्हरपूलपासून जवळ, प्रेस्कट नावाचे गाव आहे. अठराव्या शतकात ते घड्याळांचे सुटे भाग आणि आतली यंत्रे बनवण्यासाठी प्रसिद्ध होते. तिथल्या कारागिरांनी घासूनपुसून तयार केलेली यंत्रे मोठ्या शहरांत जात, तिथे घड्याळ पुरे होई आणि पुष्कळदा त्यावर दुसऱ्याच कोणाचे तरी नाव झळके. (कारागिराचे नाव वस्तूवर असलेच पाहिजे, असे माझे जुने मत आहे; पण तो वेगळ्या भाषणाचा विषय झाला.) याच गावात आर्थर जॉन्सन नावाचा एक घड्याळजी राहत होता आणि त्याला फुलझाडांचा नाद होता. आज आपण ज्यांना ॲमॅरिलिस म्हणतो, त्या दक्षिण अमेरिकी कंदांच्या दोन जाती त्याने हाताशी धरल्या: एक लाल फुलांची, दुसरी पांढऱ्या पाकळ्यांवर तांबड्या रेघा असणारी. एकीचे पराग दुसरीच्या कुक्षीवर ठेवून त्याने त्यांचा संकर घडवला. भिंगाखाली केसाएवढे भाग हाताळणाऱ्या माणसाला ते काम जड गेले नसावे. अवघड होते ते थांबणे, कारण बियांपासून वाढवलेला हा कंद फुलायला तीन-चार वर्षे सहज घेतो. या संकराचे साल १७९९ मानले जाते. फूल आले ते गडद लाल आणि प्रत्येक पाकळीच्या मधोमध पांढरा पट्टा असलेले, म्हणजे दोन्ही जातींची खूण अंगावर बाळगणारे. १८०२ मध्ये लिव्हरपूलची वनस्पती बाग सुरू झाली आणि जॉन्सनने आपली रोपे त्या बागेला दिली. हे फार बरे झाले, कारण पुढे त्याचे स्वतःचे काचघर उद्ध्वस्त झाले. दिलेली रोपे मात्र जगली, वाढली, हातोहाती पसरली आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातील जुन्या बागांत तो कंद आजही फुलतो. यंत्रावर दुसऱ्याचे नाव पडणाऱ्या त्या गावातील घड्याळजीचे नाव या फुलाच्या शास्त्रीय नावाला कायमचे लागले: हिपिॲस्ट्रम जॉन्सोनाय.

वेळ थोडा उरला आहे, तेव्हा फुलानंतरचे थोडक्यात. फुले सुकली की दांडा कापावा, पाने कापू नयेत. साधारण चार पानांमागे कंदाच्या आत फुलांचा एक गुच्छ आकार घेतो, म्हणून पाने हाच पुढचा बहर आहे. पुन्हा सांगतो, पाने कापू नयेत. त्यांना ऊन, पाणी आणि खत द्यावे. काही महिन्यांनी पाणी तोडून कुंडी आठ-दहा आठवडे थंड जागी, दहा ते तेरा अंशांवर ठेवावी आणि मग पुन्हा उजेडात आणावी. कंदाच्या कडेला आलेल्या पिल्लांना स्वतःची मुळे फुटली, की ती वेगळ्या कुंडीत लावावीत. हे काम झाल्यावर हात धुवावेत, कारण कंदात लायकोरिन नावाचे विषारी द्रव्य असते, आणि घरात मांजर किंवा लहान मूल असेल, तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी. नमस्कार.